रंगाला की तिखटाला?

लालबागच्या मिरची गल्लीत मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर दुकानदार आधी भाव सांगत नाहीत. "रंगाला पाहिजे की तिखटाला?" असं विचारतात. सुक्या मिरचीबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे त्याची सुरुवात या प्रश्नापासून होते, आणि नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या मुलामुलींना हा प्रश्न कुणी विचारतच नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. 'लाल तिखट' असं छापलेलं एक पाकीट आणायचं, तेच आमटीला, तेच मटणाला, तेच लोणच्याला. मग रस्सा जाळ होतो पण दिसतो फिकट, किंवा भाजी लालभडक दिसते आणि जिभेला काही लागतच नाही. दोष हाताला दिला जातो. हात चांगला असतो, मिरची चुकीची असते.

माझं माहेर गडहिंग्लजकडचं, सासर मालवणचं आणि संसार परळला. त्यामुळे आमच्या घरात उन्हाळ्यात साठवणीचे दोन मसाले होतात. एक माहेरचा कांदा-लसणाचा, ज्याला आमच्याकडे सरळ 'चटणी' म्हणतात, आणि दुसरा सासरचा मालवणी. दोन्हींची मिरची वेगळी, उन्हं वेगळी, कुटायची रीत वेगळी. भाची म्युनिकला असते. तिने परवा फोनवर विचारलं, "मावशी, इथे बेडगी मिळत नाही, पॅप्रिका मात्र ढीगभर मिळते. चालेल का?" पॅप्रिका म्हणजे तिकडची लाल मिरचीची पूड. फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते.

मिरचीकडून आपण तीन कामं करून घेतो. रंग, तिखटपणा आणि चव. ही तिन्ही कामं मिरचीतले वेगवेगळे घटक करतात. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन नावाच्या द्रव्याचा, जाळ कॅप्सेसिनचा, आणि चव म्हणजे मिरचीतली साखर, आंबटपणा आणि वाळताना तयार होणारा वास यांची मिळून. एका मिरचीत रंग भरपूर आहे म्हणून तिखटपणाही भरपूर असेल असं अजिबात नाही. बहुतेक वेळा उलटंच असतं. रंग आणि जाळ या दोघांत एक गोष्ट सारखी आहे, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. नुसत्या पाण्यात उकळलेलं तिखट म्हणून तळाशी बसतं आणि पाणी गढूळ लाल दिसतं. ठसका लागल्यावर घोटभर पाण्याने काही होत नाही आणि दूध-दह्याने बरं वाटतं, त्याचंही कारण यातच आहे.

बियांबद्दल एक सांगते, कारण बऱ्याच घरांत 'तिखट कमी हवंय, बिया काढ' असं म्हणतात. जाळ बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढरट शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत तो असतो. बियांना तो नुसता लागलेला असतो. सुकी मिरची उभी चिरून ती शीर खरवडून काढलीत तर तिखटपणा खरा उतरतो. नुसत्या बिया झटकून फारसा फरक पडत नाही.

आता बेडगी. महाराष्ट्रात कुठल्याही घरात रंगाची मिरची म्हणजे बेडगीच. ती येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावावर. पिकते हावेरी, धारवाड, गदग या भागात. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हिच्यात दोन प्रकार आहेत आणि दुकानात हे आवर्जून विचारावं. 'कड्डी' लांब, बारीक, अंगभर सुरकुत्या पडलेली, बिया कमी. 'डब्बी' आखूड, फुगीर, बिया जास्त, रंग गडद आणि वासाला फार गोड. मला मसाल्यात कड्डी आवडते आणि भिजवून वाटायच्या कामाला डब्बी. डब्बीचं वाटण लोण्यासारखं होतं. बेडगीच्या रंगाला जगभर मागणी आहे. तिचा अर्क काढून, त्याला व्यापारात ओलिओरेझिन म्हणतात, तो खाद्यपदार्थांत आणि सौंदर्यप्रसाधनांतही वापरतात.

बेडगी विकत घेताना मी काय बघते ते सांगते. आधी मूठभर मिरची हातात घेऊन हलकी दाबायची. चांगली वाळलेली बेडगी दाबली की किंचित लवते आणि सोडली की परत सुटी होते. एकदम कडकडून चुरा झाली तर जुनी आहे. फडक्यासारखी मऊ लागली तर तिच्यात ओल आहे. वजन वाढवायला पाणी मारलेलंही असू शकतं. मग पोत्याच्या मधून, वरून नव्हे, एक मिरची काढून उभी फाडायची आणि आतून उजेडात धरायची. आतली कातडी तुकतुकीत, नारिंगी-लाल दिसली पाहिजे. आत राखाडी धुरकट पदर दिसला तर ती बुरशी. अशी एक जरी मिरची निघाली तरी मी ते पोतं सोडते, कारण बुरशीचं विष भाजून किंवा कुटून जात नाही. मग वास. बेडगीला जरासा मनुकांसारखा वास येतो. नाक झिणझिणलं पाहिजे असं नाही, तो गोडसर वास मात्र आलाच पाहिजे. शेवटी देठ बघायचे: देठ घट्ट असलेली मिरची साठवणीत टिकते. देठ घरीच खुडावेत, आणि तेही मिरची उन्हात कडक झाल्यावर.

या मिरचीमागे माणसं आहेत हेही विसरू नये. मार्च २०२४ मध्ये ब्याडगीच्या बाजार समितीत भाव एकाएकी पडले आणि शेतकऱ्यांचा संताप असा उसळला की कचेरीची मोडतोड झाली, गाड्या जळल्या. त्या आठवड्यात मुंबईत मिरची स्वस्त झाली का, यावर आमच्या इमारतीत बायका बोलत होत्या. मला त्या दिवशी भावाची घासाघीस करवली नाही.

बेडगी एकटी वापरली तर पदार्थ दिसतो सुंदर आणि खाणारा म्हणतो, छान आहे पण काहीतरी कमी आहे. ते 'काहीतरी' माझ्या माहेरी पिकतं. संकेश्वर गाव बेळगाव जिल्ह्यातलं, पण संकेश्वरी मिरचीचा मोठा बाजार गडहिंग्लजला भरतो. सौद्याच्या दिवशी सगळ्या गावाला शिंका. अस्सल जवारी, म्हणजे देशी वाणाची, संकेश्वरी लांबच लांब, सुतळीसारखी बारीक, पिळवटलेली, रंगाला बेडगीपेक्षा उजळ आणि सालीला अगदी पातळ. तिखट आहे, पण तिचा तिखटपणा घशात अडकत नाही. जिभेवर चढतो, कानशिलं गरम करतो आणि उतरतो. मागे एक भाजलेली, खरपूस चव राहते. ही चव मला दुसऱ्या कुठल्याच मिरचीत सापडलेली नाही. दिसायला तिच्यासारखी संकरित मिरची आता खूप येते आणि तीही 'संकेश्वरी' म्हणूनच विकली जाते. जवारीचा भाव बेडगीच्याही वर जातो. ज्याला परवडेल त्याने पाव किलो तरी घ्यावीच, कारण मसाल्यात थोडी पडली तरी ती ओळखू येते.

आमच्या चटणीचं प्रमाण आईचं आहे. अर्धा किलो संकेश्वरी, अर्धा किलो बेडगी आणि वर मूठभर लवंगी. लवंगी म्हणजे बोटाच्या पेराएवढी, नावाप्रमाणे लवंगेसारखी, आणि निव्वळ जाळ. तिला चव विचारू नये. ती मूठभरच. यात पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, तीळ, खसखस, जिरं, मोहरी, थोडी मेथी, हळकुंडं, हिंग आणि गरम मसाल्यातलं सगळं: लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल, बदामफूल, मसाला वेलदोडा, जावित्री, नागकेशर. प्रत्येक जिन्नस वेगळा, तेलाच्या थेंबावर भाजायचा. मिरची मात्र आमच्याकडे भाजत नाहीत, कडकडीत उन्हात वाळवतात. भाजलेल्या मिरचीचा रंग पुढे महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी पडतो. आधी मिरची कांडपावर कुटून चाळून घ्यायची, मग कोरडा मसाला, आणि सगळ्यात शेवटी खरपूस तळलेला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर आणि मीठ घालून सगळं पुन्हा एकत्र कुटायचं. या शेवटच्या कुटण्यात लसणाचं आणि खोबऱ्याचं तेल मिरचीत मुरतं आणि कोरड्या भुकटीचा रंग एका क्षणात गडद होतो. कांडपवाल्या मावशी तो रंग बघूनच सांगतात, "झाली." गिरणीत दळून ही चटणी अशी होत नाही. दळताना पूड फार तापते.

मालवणी मसाल्याचा स्वभावच निराळा. त्यात कांदा-लसूण नाही, त्यामुळे तो पूर्ण कोरडा आणि जास्त टिकाऊ. सासूबाई सातशे ग्रॅम बेडगीला तीनशे ग्रॅम तिखट मिरची घेत. ती कधी लवंगी, कधी गुंटूर, बाजारात चांगली मिळेल ती. धणे भरपूर, मिरचीच्या निम्मे, आणि बडीशेप. बडीशेप कमी पडली तर मालवणी मसाला मालवणी लागत नाही. सोबत दगडफूल, नागकेशर, त्रिफळं मात्र नाहीत. त्रिफळं माशाच्या कालवणात ताजी ठेचून पडतात. सासूबाई मिरचीही मंद आचेवर नुसती शेकून घेत, उन्हातून आणल्यावर लगेच, हाताला कुरकुरीत लागेपर्यंतच. कोकणातल्या दमट हवेत असं शेकलं नाही तर मसाला गुठळ्या धरतो. माझ्या आईच्या आणि सासूबाईंच्या पद्धतींत कोण बरोबर हा वाद आमच्या घरात कधी झाला नाही. गडहिंग्लजची हवा कोरडी, मालवणची ओली, आणि दोघींनी आपापल्या हवेचं ऐकलं.

माशाच्या आमटीला मात्र पूड वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. पाच-सहा बेडग्या बिया झटकून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, आणि ओलं खोबरं, धणे, हळद यांच्याबरोबर गंधासारख्या वाटायच्या. पुडीने आमटीला कण येतो, वाटणाने अंग येतं. बांगड्याच्या तिखल्याला पूड चालते, कारण तिथे रस दाट आणि थोडाच हवा असतो, आणि त्रिफळं, कोकम पुढे असतात.

सासरच्या वाटेने पुढे गोव्यात गेलं की रेशाद मसाला. तिथे मिरची व्हिनेगरमध्ये वाटतात, पाणी अजिबात नाही. लसूण, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, थोडी चिंच आणि साखर. व्हिनेगरमुळे तो मसाला फ्रीजमध्ये महिनोन् महिने राहतो आणि बांगड्याच्या पोटात भरून तळला की रंग सुटत नाही. रेशादला रंगाची मिरची लागते, म्हणून हल्ली बरेच जण काश्मिरी घेतात. दक्षिण गोव्यात कानकोण तालुक्यातल्या खोल्याची मिरची हे काम जास्त चांगलं करते. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर ती घेतात, आणि २०१९ साली तिलाही मानांकन मिळालं. कुणी गोव्याहून येणार असेल तर मी फेणी-काजू सोडून तीच मागवते.

काश्मिरीबद्दल एवढंच सांगते की बाजारात काश्मिरी म्हणून मिळणारी सगळी मिरची काश्मीरची नसते. रंग देणारी, कमी तिखट, सुरकुतलेली मिरची या अर्थाने ते नाव सर्रास वापरतात. मिरची चांगली असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त नावापोटी जास्त पैसे देऊ नयेत.

गुंटूर आणि तेजा आंध्र-तेलंगणाकडच्या. गुंटूर गुळगुळीत सालीची, तिखट आणि बऱ्यापैकी लाल, लोणच्याला उत्तम. तेजा तिच्याहून तिखट, लहान आणि चकचकीत. हॉटेलवाले तिच्यावर चालतात, कारण थोडीशी पुरते. घरात मी ती ठेवत नाही. राजस्थानात जोधपूरजवळची मथानिया 'लाल मांस' या तिथल्या मटणाच्या रश्शाला, आणि तमिळनाडूत बोरासारखी गोल मुंडू फोडणीला. मुंडू तेलात तडतडून फुलते ते बघायला फार छान वाटतं.

विदर्भात नागपूरजवळच्या भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे, तिलाही मानांकन आहे. पण मिरची वाळताना बघायची असेल तर नंदुरबारला जावं. तिथे शेतकरी ओली लाल मिरची बाजारात आणतो आणि व्यापारी ती उघड्या माळावर पसरतात. त्या जागेला पथारी म्हणतात. नजर पोचेल तिथपर्यंत लाल, आणि त्यात डोक्याला, नाकाला फडकी बांधून मिरची पसरणाऱ्या, निवडणाऱ्या बायका. दिवसभर त्या खकाण्यात बसायचं म्हणजे काय असतं ते पाच मिनिटं तिथे उभं राहिल्यावर कळतं. अवकाळी पाऊस आला की पसरलेली मिरची भिजते, काळी पडते, आणि व्यापाऱ्याच्या मालाबरोबर त्या बायकांची रोजंदारीही जाते.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. दिवाळीला येताना तिने तिकडच्या दुकानातली पॅप्रिकाची तीन पाकिटं आणली होती, आणि ती मी नीट वापरून पाहिली. एकावर 'एडेलझ्युस' लिहिलेलं, म्हणजे गोड. दुसऱ्यावर 'रोझेनशार्फ', ते तिखट. तिसरी स्पेनची, धुरावलेली.

पॅप्रिका म्हणजे काही वेगळं झाड नव्हे. बेडगी, ढोबळी मिरची आणि पॅप्रिकाची मिरची, तिन्ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीच्या. मिरची मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीज तिला सोळाव्या शतकात आपल्याकडे घेऊन आले, आणि युरोपातही ती त्याच सुमारास पसरली. आपण जाळ वाढवत गेलो. हंगेरीत लोकांनी पिढ्यान् पिढ्या रंग आणि गोडी निवडली. तिथली सेगेद आणि कालोचा ही दोन गावं पॅप्रिकाची. अगदी गोडापासून जळजळीतापर्यंत तिच्या प्रती ठरलेल्या असतात. सेगेदच्या विद्यापीठात काम करणाऱ्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी याच ताज्या मिरच्यांतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

गोड पॅप्रिका रंगाला बेडगीच्या तोडीची आहे, हे मनापासून सांगते. तिखटपणा जवळपास शून्य. चव बेडगीपेक्षा गोड आणि हिरवट. म्हणून भाचीला सांगितलं: चार चमचे गोड पॅप्रिका आणि एक चमचा केयेन नावाच्या तिखट मिरचीची पूड असं मिसळून बाटलीत भरून ठेव, रोजच्या भाजी-आमटीला हे चालेल. मालवणी रश्शाला वापरशील तर कोकम एखादं जास्त टाक, म्हणजे ती जादा गोडी मारली जाईल. आणि ती पूड फोडणीत टाकू नकोस. पॅप्रिका फार बारीक दळलेली असते, तिच्यात साखर जास्त असते, आणि तापलेल्या तेलात ती बघता बघता करपून कडू होते.

हंगेरीत हेच करतात. कांदा चरबीत परतून झाला की भांडं आचेवरून खाली उतरवतात, मग पॅप्रिका घालतात, ढवळतात, लगेच थोडं पाणी किंवा मांस घालतात आणि पुन्हा आचेवर ठेवतात. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला, कारण तांबड्या रश्शाची तर्री माझी आई अशीच काढते. कांदा-खोबऱ्याचं वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. गॅस बंद. कढईतली सळसळ थांबली की सुटलेल्या तेलात, वाटणावर नव्हे, बेडगीची पूड घालायची. तेल क्षणभर फेसाळतं, कडेला नारिंगी होतं आणि मग आतून लाल होत येतं. वास गोड असतो तोवर ठीक. नाकात तिखट बसायला लागला की लगेच आधणाचं पाणी, चमचाभर आधी, मग पळीभर. गार पाणी घातलं तर तर्री फिकट येते. या सगळ्याला एक मिनिटही लागत नाही आणि रश्शाचं सगळं रूप त्यात ठरतं. चटणी मात्र याच्या आधी, वाटणाबरोबरच घालायची, तिला शिजायला वेळ लागतो.

स्पेनची धुरावलेली पॅप्रिका हा माझ्यासाठी नवा आणि आनंदाचा शोध. एस्त्रेमादुरा प्रांतात ला व्हेरा नावाचा भाग आहे. तिथे मिरची पिकते तेव्हाच शरद ऋतूतला पाऊस येतो, उन्हात वाळवायची सोय नाही. म्हणून ते लोक मिरची माळ्यावर पसरून खाली ओकच्या लाकडाची धग ठेवतात, दोन आठवडे, आणि रोज हाताने मिरची उलटतात. पावसामुळे शोधलेली वाट, पण तिनेच त्या मिरचीला नाव दिलं. गोड, आंबटगोड आणि तिखट असे तिचे तीन प्रकार मिळतात.

ही माशाच्या कालवणात घालू नये. धुराचा वास कोकमाशी आणि त्रिफळांशी भांडतो. चवळीच्या उसळीत, राजम्यात, बटाट्याच्या काचऱ्यांवर मात्र फार छान लागते. आणि तिकडे राहणाऱ्यांसाठी एक खास उपयोग आहे. परदेशात विजेच्या शेगड्या, वांगं जाळावर भाजता येत नाही, ओव्हनमधल्या भरताला तो चुलीचा वास येत नाही. अशा भरतात अर्धा चमचा धुरावलेली गोड पॅप्रिका कांद्याबरोबर घालावी. भाचीने केलं आणि जावईबापूंनी विचारलं, निखारे कुठून आणलेस?

पुडीच्या भेसळीबद्दल लोक विचारतात. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर तिखट टाकून बघायची युक्ती घरोघरी माहीत आहे. पाण्यात लगेच रंगाच्या धारा सुटल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे, विटेचा चुरा तळाशी बसतो. पण सुदान जातीचे बंदी असलेले रंग तेलात विरघळतात, ते या परीक्षेत सापडत नाहीत. २००५ साली ब्रिटनमध्ये तिखटाच्या पुडीत असा रंग निघाल्यावर शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते. म्हणून माझा आग्रह एकच: अख्खी मिरची घ्या. वर्षाचा मसाला करायला जागा आणि ऊन नसेल तर अर्धा किलो घेऊन मिक्सरवर थोडी थोडी दळा. मिरची दळण्याआधी गच्चीत, खिडकीत, जिथे मिळेल तिथे दोन दिवस ऊन दाखवा, दळताना मिक्सर थांबवत थांबवत चालवा आणि झाकण लगेच उघडू नका.

रंगाला उजेड आणि हवा दोन्ही मारतात. काचेच्या बरणीत ओट्यावर शोभेला ठेवलेलं तिखट काही महिन्यांत विटकरी होतं. चिनी मातीची भरणी, तळाला हिंगाचा खडा, दाबून भरलेला मसाला, मध्ये पुन्हा हिंग, वर जाड मिठाचा थर आणि तोंडाला फडकं बांधून अंधारी जागा. रोजच्या वापरापुरतं लहान डब्यात काढायचं आणि मोठ्या भरणीत ओला चमचा कधीही घालायचा नाही.

शेवटी एक राहिलं, कारण सुकी मिरची म्हटलं की सगळे तांबडीचाच विचार करतात. सांडगी मिरची. कमी तिखट, जाड सालीच्या हिरव्या मिरच्यांना उभी चीर द्यायची, आत धणे-जिऱ्याची पूड, मेथीची पूड, हिंग, मीठ असं आंबट दह्यात कालवून भरायचं आणि चार-पाच कडक उन्हं द्यायची. काही जण नुसत्या मिठाच्या ताकात रात्री भिजवून दिवसा वाळवतात, ताक संपेपर्यंत. दोन्ही चांगल्या, पण भरलेली मला जास्त प्रिय. तेल मध्यम तापलं की दोन-तीनच टाकायच्या आणि कॉफीसारखा रंग आला की काढायच्या. काळी होऊ दिली तर मेथी कडू लागते. दहीभात कालवताना एक मिरची त्यात चुरायची आणि दुसरी ताटात ठेवायची.